नवा हॉब ओट्यात नीट बसत नाही: काच डुगडुगते, पाणी आत जातं, नॉब सोडला की बर्नर विझतो

रानजाई

पुण्यात आहोत, पाइप गॅस. ओटा १८ मिमी ग्रॅनाइटचा, खाली कडाप्पा नाही, ट्रॉल्यांच्या फ्रेमवर थेट टेकलेला. त्यात तीन बर्नरचा काचेचा हॉब (ओट्यात खाच करून बसवायची शेगडी) नवा बसवून घेतला आहे. कटआउट, म्हणजे हॉबसाठीची खाच, जागेवरच कटरने कापलं. त्रास एकेक करून लिहिते.

काच डुगडुगते. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बोट दाबलं की तो खाली जातो आणि मागचा उजवा कोपरा उचलला जातो. त्या उचललेल्या कोपऱ्याखाली झेरॉक्सच्या कागदांची चळत सरकवून पाहिली, बारा-तेरा कागद जातात. एक कागद साधारण ०.१ मिमी धरला तर फट सव्वा मिलिमीटरची आहे.

ओटा पुसताना पुढच्या कडेने पाणी आत शिरतं आणि खालच्या चमच्यांच्या ट्रॉलीत ठिबकतं.

डावीकडचा छोटा बर्नर पेटतो, पण नॉब सोडला की विझतो. वीस सेकंद दाबून धरला तरी तेच. हा नॉब दाबताना काचेला टेकल्यासारखा वाटतो, आणि मधल्या नॉबची खालची कड फिरताना काचेला घासते.

मोठ्या बर्नरच्या ज्योतीची टोकं पिवळी, कुकरच्या बुडाला काजळी. खालची ट्रॉली उघडी ठेवली तर तीच ज्योत निळी होते.

मोजमापं अशी: काच ६५० × ५१० मिमी, काचेखालचा पत्र्याचा ट्रे ५४५ × ४६८. पुस्तिकेत कटआउट ५६० × ४८० दिलं आहे. प्रत्यक्षात रुंदी पुढे ५६४, मागे ५५८. खोली डावीकडे ४८६, उजवीकडे ४८१. कर्ण ७४५ आणि ७३६ (७४५ चा कर्ण पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत). हॉब मागच्या बाजूला अगदी टेकवून बसवला आहे. ग्रॅनाइटचा जोड कटआउटच्या मधोमध येतो, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पट्ट्यांवर. पाणसळ लावली तर ६५० मिमीमध्ये सिंककडे ४ मिमी उतार.

बसवणारे म्हणतात, "क्लॅम्प अजून आवळतो, चारी बाजूंनी सिलिकॉन भरतो, हलणार नाही." ते करू द्यावं का?

काटकोन

नाही. क्लॅम्पला हात लावायचाच असेल तर तो सैल करायला लावा. सिलिकॉनचं नंतर बोलू.

तुम्ही दोन्ही कर्ण मोजले हे फार बरं केलं, कारण नुसत्या लांबी-रुंदीवरून कापणी ठीकच वाटली असती. ५६० × ४८० चं कटआउट गुण्यात (चारही कोपरे काटकोनात) असेल तर दोन्ही कर्ण ७३८ च्या आसपास यायला हवेत. तुमच्याकडे ९ मिमीचा फरक आहे. तुमचे आकडे कागदावर मांडून पाहिले: पुढची कड सरळ धरली तर डावी बाजू मागे जाताना सुमारे ११ मिमी उजवीकडे झुकते आणि उजवी बाजू सुमारे ५ मिमी. म्हणजे खाच तिरकी आहे. त्यात पुढच्या कडेला समांतर असा सरळ आयत जेमतेम ५५२ मिमी रुंद बसतो. ट्रे ५४५ चा. एकूण सात मिमी मोकळीक, दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन. म्हणजे आणखी कापायची गरज नाही. फक्त हॉब नेमका ठेवावा लागेल, नुसता आत ढकलून चालणार नाही.

आता पाणी का जातं ते बघा. काच ट्रेच्या पुढे-मागे २१-२१ मिमी बाहेर येते (५१० वजा ४६८, भागिले दोन). डावीकडे खोली ४८६ आहे आणि ट्रे ४६८ चा, म्हणजे १८ मिमी मोकळी जागा. हॉब पूर्ण मागे टेकवला की ती सगळी जागा पुढे येते आणि पुढच्या डाव्या बाजूला काच ग्रॅनाइटवर फक्त ३ मिमी टेकते. उजवीकडे ८ मिमी. काचेखालची फोमची पट्टी साधारण १० मिमी रुंद असते, म्हणजे डावीकडे तिचा बराचसा भाग हवेत लटकतोय. पाणी तिथूनच जातं. हॉब पुढे-मागे मधोमध आणला की डावीकडे १२ आणि उजवीकडे साडेचौदा मिमी टेक मिळेल. १० च्या वर टेक मिळाली की पट्टी आपलं काम करते.

मधोमध आणायला डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. प्लायच्या किंवा लॅमिनेटच्या चिपा कापा, दोन ६ मिमीच्या आणि दोन ९ मिमीच्या. उजवीकडे पुढे-मागे ६ च्या, डावीकडे ९ च्या, ट्रे आणि ग्रॅनाइटच्या मध्ये खालून धरा. काचेची पुढची कड ओट्याच्या पुढच्या धारेला समांतर आहे ना ते दोन्ही टोकांना टेपने मोजा. मागच्या टाइल्सना समांतर करू नका. भिंत क्वचितच सरळ असते आणि नजर नेहमी पुढच्या धारेवर जाते.

क्लॅम्पबद्दल. हे चार क्लॅम्प हॉब घसरू नये आणि उचलला जाऊ नये एवढ्यासाठीच असतात. डुगडुगणारी काच खाली ओढून सपाट करणं हे त्यांचं काम नव्हे. काच वाकत नाही, पत्रा वाकतो. स्क्रू बोटांनी ग्रॅनाइटला लागेपर्यंत फिरवा, मग पेचकसाने अर्धा फेरा, तोही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने. एका कोपऱ्यात पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर ट्रे पिळतो. टफन्ड काच मधे बरंच सोसते, कडेला नाही. कडेखाली ग्रॅनाइटची एक कणी राहिली आणि वरून क्लॅम्प ओढला, तर आज नाही पण चार महिन्यांनी गरम कढई ठेवताना सगळी काच दाणे-दाणे होऊन बसते.

निळी ज्योत

काटकोन यांनी क्लॅम्पचं सांगितलं तिथूनच पुढे. मला वाटतं तुमचा विझणारा बर्नर हा त्या आवळलेल्या क्लॅम्पचाच परिणाम आहे. लगेच थर्मोकपल बदलायला कुणी सांगेल, थांबा.

एफएफडी, म्हणजे ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय, कशी चालते ते आधी. बर्नरशेजारी दोन दांड्या असतात. पांढऱ्या चिनी मातीच्या नळीतून येणारी ठिणगीची, आणि दुसरी धातूची, ती थर्मोकपल. थर्मोकपलचं टोक तापलं की त्यात काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि ती व्हॉल्व्हमधल्या छोट्या चुंबकाला जिवंत ठेवते. पण एवढीशी वीज झडप ओढून घेऊ शकत नाही, फक्त धरून ठेवू शकते. झडप चुंबकापर्यंत नेऊन टेकवण्याचं काम तुमचं बोट करतं, नॉब पूर्ण आत दाबून. नॉब मिलिमीटरभर आधीच काचेवर अडला तर गॅस येतो, बर्नर पेटतो, थर्मोकपल तापतं, पण झडप चुंबकाला टेकलेलीच नसते. मग वीस काय, साठ सेकंद धरा, सोडलं की विझणारच.

आणि नॉब का अडतो? व्हॉल्व्ह ट्रेवर बसवलेले असतात, काच ग्रॅनाइटवर टेकलेली असते. क्लॅम्प ट्रेला खाली ओढतात. जास्त आवळले की ट्रे मिलिमीटरभर खाली झोकतो, त्याच्याबरोबर व्हॉल्व्हची दांडी खाली जाते आणि तिच्यावरचा नॉब काचेच्या जवळ येतो. एक नॉब घासतो, दुसरा दाबताना टेकतो, ही तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं तीच आहेत.

खात्री अशी करा. बर्नर थंड असताना डावा नॉब सरळ वर ओढून काढा. निघत नसेल तर पेचकस खाली घालून उचकटू नका, काचेच्या भोकाची कड उडते. सुती कापडाची पट्टी नॉबखालून आडवी घाला आणि दोन्ही टोकं धरून वर ओढा. आता उघडी दांडी कापडात धरलेल्या पकडीने हलकेच दाबा, फिरवा, पेटवा, ५ ते १० सेकंद दाबून धरा, सोडा. ज्योत टिकली तर थर्मोकपल आणि व्हॉल्व्ह दोन्ही निर्दोष. टिकली नाही तर पुढचं बघायचं: थर्मोकपलचं टोक ज्योतीत शिरतंय का, बर्नरचं डोकं आपल्या खाचेत बसलंय का. डोक्याच्या खालच्या बाजूला एक खाच किंवा दोन पिना असतात. ते थोडं फिरून बसलं तर दिसायला सरळ दिसतं, पण एका बाजूला उचललेलं असतं आणि ज्योत थर्मोकपलच्या बाजूलाच कमी पडते. बसवल्यावर डोकं बोटाने डावी-उजवीकडे फिरवून पाहा, फिरायला नको आणि टकटक वाजायला नको.

पिवळ्या ज्योतीचं मात्र वेगळं आहे. एक प्रश्न: हॉबच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर कोणता गॅस लिहिलाय? घरगुती एलपीजी रेग्युलेटरमधून ३० मिलिबार दाबाने येतो, पाइप गॅस साधारण २१ मिलिबारने. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत उष्णता अडीच-तीन पट जास्त. म्हणून पाइप गॅसच्या जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं) छिद्र मोठं असतं. बऱ्याच जेटवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात कोरलेला असतो. एलपीजीचं जेट पाइप गॅसवर राहिलं तर ज्योत बारीक आणि मरगळलेली येते, पिवळी सहसा नाही. उलटं झालं, म्हणजे पाइप गॅसचं जेट एलपीजीवर, तर लांब पिवळी ज्योत आणि काजळी; ते धोक्याचं. जेट बदलणं गॅस कंपनीच्या किंवा हॉबच्या अधिकृत माणसाचंच काम. छिद्र मोठं करायला त्यात सुई घालणारे लोक अजून भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका.

ट्रॉली उघडली की निळी होते, यावरून मला जेटपेक्षा हवेचा संशय जास्त आहे. पुढच्या चाचणीत ट्रॉली पूर्ण बाहेर काढा. एकदा चिमणी बंद ठेवून, एकदा सर्वांत जोरात चालवून आणि एकदा खिडक्या लावून पाहा. तिन्ही वेळा काय होतं ते लिहा.

रानजाई

खूप मदत झाली. पट्टीवर पाइप गॅसच लिहिलाय, जेट मोठे असल्याचंही तपासून घेतलं.

नॉब काढून दांडी दाबली: सहा सेकंद धरल्यावर सोडली, ज्योत टिकली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा टिकली. मग चारही क्लॅम्प एकेक फेरा सैल केले आणि नॉब परत लावला. आता टेकत नाही, घासतही नाही, बर्नर चालू राहतो. पण काच अर्थातच आधीपेक्षा जास्त डुगडुगते.

ट्रॉली पूर्ण काढली तर मोठी ज्योत निळी, चिमणी बंद असो वा चालू. ट्रॉली लावली की टोकं पिवळी. खिडकीने फरक पडत नाही.

हॉब उचलून पाहिल्यावर दोन नव्या गोष्टी दिसल्या. जोडाच्या पुढच्या पट्टीवर उजवा तुकडा डाव्यापेक्षा वर आहे. सरळ पट्टी धरली तर नऊ-दहा कागदांएवढा. मागच्या पट्टीवर दोन्ही सारखे. आणि कटआउटच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात कटरच्या दोन्ही रेघा कोपऱ्याच्या पुढे गेल्या आहेत, साधारण १५ मिमी. तिथे केसासारखी रेघ दिसते. ती काळजीची आहे का? की पॉलिशची रेघ?

पाथरवट

आधी ती रेघ. तिच्यावर ओल्या कापडाने पाणी लावा, वरवर पुसून घ्या आणि दोन-तीन मिनिटं बघत राहा. पॉलिशवरचा ओरखडा सगळ्यांबरोबर वाळतो. चीर असेल तर आत पाणी धरून ठेवते आणि आजूबाजूचं वाळल्यावरही काळपट ओली रेघ राहते. खालच्या बाजूनेही बोट फिरवून पाहा. वरची रेघ खालीही त्याच जागी असेल तर दगड आरपार गेलाय.

ग्रॅनाइटला आतला टोकदार कोपरा सोसत नाही. दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही, आणि सगळा ताण त्या टोकावर येऊन गोळा होतो. म्हणून बरोबर पद्धत अशी की चार कोपऱ्यांत आधी १० ते १२ मिमीची भोकं डायमंड बिटने पाणी सोडत पाडायची आणि मग भोक ते भोक कटर चालवायचा. कोपरा आपोआप गोल राहतो. कटरची चकती गोल असल्यामुळे वरून कोपऱ्यापर्यंत कापलं तरी तळाशी कोपरा कापायचा राहतो. तो पूर्ण करायला माणूस चकती पुढे रेटतो आणि वर अशा पुढे गेलेल्या रेघा पडतात. तुमच्याकडे तेच झालंय.

नुसत्या रेघा असतील, आरपार चीर नसेल, तर काम अवघड नाही. रेघेतली धूळ ब्रशने काढा, थिनरच्या बोळ्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग ग्रॅनाइटच्या रंगाचा दोन भागांचा इपॉक्सी भरा. अॅरल्डाइटसारखा संथ वाळणारा घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारा नको. तो आतपर्यंत झिरपायच्या आधीच गोठतो. चोवीस तास त्यावर वजन नको. रेघ काचेखाली येते, रंग तंतोतंत जुळायची गरज नाही. आरपार चीर असेल तर इपॉक्सीबरोबर खालून टेकूही द्यावा लागेल.

आणि टेकू तुम्हाला तसाही द्यायला हवा. हिशेब करा: ओटा २४ इंच म्हणजे ६१० मिमी असेल, त्यातून ४८६ गेले, उरले १२४. ते पुढे-मागे वाटले गेले. साठ-बासष्ट मिमी रुंदीची, १८ मिमी जाड, साडेपाचशे मिमी लांब दगडी पट्टी, तिच्या मधोमध जोड, आणि खाली कडाप्पा नाही! स्वयंपाक करताना माणूस याच पुढच्या पट्टीवर रेलतो, कुकर उतरवताना क्षणभर तिथेच टेकवतो. पुढच्या पट्टीखाली २५ × २५ मिमीचा स्टीलचा चौकोनी पाइप, कटआउटच्या दोन्ही बाजूंना किमान १०० मिमी पुढे जाईल इतका लांब, इपॉक्सीने चिकटवून ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्यांवर टेकवा. ट्रेपासून १० मिमी तरी लांब राहील असा. मागच्या पट्टीला पाइप शक्य नसेल तर भिंतीला एल अँगल.

जोडातली उंची. उजवा तुकडा पुढे जवळजवळ १ मिमी वर आहे आणि मागे नाही, म्हणजे दोन्ही तुकडे मिळून पृष्ठभाग पिळलेला आहे. त्यामुळे काच पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावर टेकते आणि उरलेले दोन हवेत झुलतात. तुमची सव्वा मिमीची फट इथूनच येते, हॉब वाकडा नाही. उपाय दोन. एक, उजव्या तुकड्याचा चढ घासून उतरवणं. काचेची बाहेरची कड ओट्यावर मास्किंग टेपने आखा, त्याच्या ५ मिमी आतपर्यंतच घासा, १०० ग्रिटच्या डायमंड पॅडने, पाणी सोडत. पॉलिश जाईल, पण काचेखालीच. जोडापासून उजवीकडे दीडशे मिमीपर्यंत हळूहळू शून्यावर आणायचं, पायरी ठेवायची नाही. दुसरा उपाय फोमची पट्टी दुहेरी करणं. एक मिमीसाठी मी घासायच्या बाजूने आहे. फोम दोन-तीन वर्षांत दबतो आणि डुगडुग परत येते.

सिलिकॉन काचेखाली नको, पांढरं सिमेंट तर मुळीच नको. कधीतरी व्हॉल्व्हला ग्रीस करायला, जेट बदलायला हॉब उचलावा लागतोच. त्या दिवशी सिलिकॉन कापायला सुरी काचेच्या कडेखालून चालवावी लागते, आणि काचेचा सर्वांत नाजूक भाग तोच.

काटकोन

घासण्याबाबत पाथरवट यांच्याशी सहमत, एका अटीवर: हॉब आणि ट्रॉल्या दोन्ही आधी बाहेर काढा. ग्रॅनाइटची ओली भुकटी ट्रॉलीच्या चॅनलमध्ये गेली की ते कायमचं कुरकुरतं.

उताराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ६५० मिमीत ४ मिमी म्हणजे २६० मिमीच्या तव्यावर १.६ मिमी. पोळी-भाकरीला फरक पडत नाही. घावन किंवा आंबोळीला तेल सिंकच्या बाजूला जमतं ते जाणवेल. हा उतार पाणी सिंककडे जावं म्हणून मुद्दाम दिलेला असतो, चूक नाही. सिंकच्या बाजूला फोमचा एक जादा थर देऊन दीड-दोन मिमी उचलता येईल, त्यापुढे नको, कारण मग काचेची कड वर दिसते आणि भांडं सरकवताना तिच्यावर आदळतं. मी तर एवढ्या उताराला हातच लावणार नाही.

फोमची नवी पट्टी लावताना एक तपशील. जुनी पूर्ण खरवडून काढा (प्लॅस्टिकचं पातं, स्टीलचं नाही), काच रबिंग अल्कोहोलने पुसा. पट्टी काचेच्या कडेपासून २ मिमी आत, सलग. कोपऱ्यात पट्टी वळवू नका, तिथे ती सुरकुतते आणि उंच होते. कोपऱ्यावर कापून टोकाला टोक भिडवा, एकावर एक चढवू नका. कोपऱ्यांखेरीज मधे सांधा द्यावा लागला तर तो मागच्या बाजूला ठेवा, पुढच्या कडेला नको.

निळी ज्योत

ट्रॉली काढल्यावर निळी होते, तर उत्तर मिळालं. तुमचा हॉब लागणारी हवा काही प्रमाणात खालून, ट्रेच्या भोवतालून ओढतो. ट्रॉलीची पाठ उंच, वर ट्रेला जवळजवळ लागलेली, बाजूच्या फळ्या बंद, म्हणजे डबाच झाला. मोठा बर्नर सर्वांत जास्त हवा मागतो म्हणून आधी तो पिवळा होतो. सुताराकडून त्या ट्रॉलीची पाठ ५० मिमीने कमी करून घ्या आणि ट्रॉलीमागे भिंतीपर्यंत ४०-५० मिमी मोकळं राहू द्या. पुस्तिकेत झरोक्याचं माप दिलं असेल तर तेच पाळा.

झरोका कुठे पाडायचा हे गॅसवर ठरतं. पाइप गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, गळला तर कपाटाच्या वरच्या भागात साठतो. म्हणून तुमचा झरोका वर हवा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली बसतो. सिलिंडर असलेल्या घरात झरोका कपाटाच्या तळाशी, जमिनीलगत. हे वाचणाऱ्या सिलिंडरवाल्यांनी उलटं करू नये.

जागेवर कापणी झाली होती म्हणून आणखी एक गोष्ट तपासा. दगडाची भुकटी बर्नरच्या नळीत जाते. ज्योतीत मधूनमधून केशरी ठिणग्या दिसतात त्या या धुळीच्या, त्या निरुपद्रवी, पण भुकटी हवेच्या वाटेत साठली तर पिवळेपणा टिकतो. बर्नरची डोकी काढून कोरड्या ब्रशने नळी साफ करा, डोकी उलटी धरून टकटकवा. धुतलीत तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

आता हॉब उचलणार आहात, तर आधी गॅसचा कॉक बंद, मग बर्नर उघडून पाइपमधला गॅस संपू द्या. नळी लावलेलीच ठेवून हॉब तिरका करून बघणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे आणि त्यातच एल्बो सैल होतो. नळी सोडताना एल्बो एका पान्याने धरून दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर फिरतो तो एल्बो. वॉशर एकदा दबलेला असतो, परत लावताना नवा घ्या. नळी ट्रेच्या तळाला लागू नये, पिळली जाऊ नये, ट्रॉलीच्या पाठीत चिमटू नये. दीड मीटरपेक्षा लांब नळी नको, आणि आयएस ९५७३ छापलेली सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची.

जोडल्यावर कॉक उघडा, बर्नर बंदच. भांड्यांच्या साबणाचा दाट फेस ब्रशने एल्बो, नट आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा आणि दोन मिनिटं बघा. बुडबुडा वाढत गेला तर गळती. काडी पेटवून कधीही बघायचं नाही. वास आला तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, विजेचं एकही बटण दाबायचं नाही, आणि घराबाहेर जाऊन फोन: एलपीजीसाठी १९०६, पाइप गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक.

रानजाई

केलेल्या कामाची नोंद देते, पुढे कुणाला लागेल.

पाण्याने तपासल्यावर कोपऱ्यातली रेघ वाळली, खालून काही नाही. कटरच्या रेघांत इपॉक्सी भरला. पुढच्या पट्टीखाली २५ × २५ चा पाइप, मागे एल अँगल. उजव्या तुकड्याचा चढ घासला. आता जोडावर सरळ पट्टी धरली तर एकच कागद जातो. नवी फोम पट्टी, सांधा मागे. ६ आणि ९ च्या चिपा लावून हॉब मधोमध ठेवला, पुढच्या धारेपासून दोन्ही टोकांना काच ४८ मिमीवर. क्लॅम्प बोटाने लावून अर्धा फेरा. चारही कोपऱ्यांवर दाबलं तरी हलत नाही. फोमवर पांढरा कागद ठेवून कडेला पाण्याचा ओला फडका फिरवला, कागद कोरडा राहिला.

ट्रॉलीची पाठ ५० मिमी कमी केली, वर बाजूच्या फळीत झरोका घेतला, बर्नर साफ केले. मोठी ज्योत ट्रॉली बंद असतानाही निळी. साबणाच्या फेसाने तपासलं, गळती नाही. उताराला हात लावला नाही.

एकच उरलं. मधल्या बर्नरवरची बिडाची जाळी टकटक वाजते, पातेलं ठेवलं की एका बाजूला झुकते. बाकी दोन ठीक आहेत.

काटकोन

जाळी उलटी करून पायांखालचे रबरी बूट मोजा, बहुतेक एक पडलेला किंवा आत दबलेला असेल. सगळे असतील तर जाळी ग्रॅनाइटच्या सपाट भागावर ठेवून डुलते का पाहा. तिथे डुलली तर जाळीच वाकडी, वॉरंटीत बदलून मागा. बिडाचा पाय कानशीने घासलात तर वरचा मुलामा निघून गंज धरतो. तिथे स्थिर राहिली तर जाळ्यांची अदलाबदल झाली असेल. मधली जाळी मधल्याच बर्नरची आहे ना ते काचेवरच्या खुणांशी जुळवून बघा, आणि पातेलं ठेवण्याआधी त्याच्या बुडाला एकदा सरळ पट्टी लावा. जुन्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यांचं बूड बाहेर फुगलेलं असतं.